वाढीचं पाणी

२ मे, गुरुवार

आज नागपुरात आली. मांढळहून सकाळच्या एसटीत बसली अन् साडेदहाले उतरली. तिथून प्रताप नगरसाठी आटो केला. आटोवाला मोठा चौकस. दवाखान्याचं नाव सांगतलं तं विचारते, आजी, भरती व्हायले चालल्या का. मी म्हटलं, मी भरती व्हायच्या आधी तुहा आटो भंगारात जाते बापा, समोर पाहून चालव.

मेघा दारातच उभी होती. मेघा म्हणजे माझी नात. लेक अन् सून एकाच वर्षात गेले, तवापासून ती माझ्याच हातची. दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, आलेल्यायची नावं लिहून घेते. नववा लागला आहे, पोट एवढं का टेबल मांगं सरकवावं लागलं. तिचा नवरा अंकुश वाडीच्या गोदामातून ट्रक भरते अन् पार गुवाहाटीपर्यंत जाते. चांगला पोट्टा आहे, पण बायकोचे दिवस भरत आले अन् हा आसामात. म्हणून मेघानं डॉक्टरले सांगून मले इथं आया म्हणून लावलं. मले नात सांभाळायले भेटली, डॉक्टरले फरशी पुसायले बुढी भेटली.

डॉक्टरचं नाव हर्षित. चाळिशीच्या आतला, गोड बोलते. डोक्यावर केस असे दाट का कंगवा अडकून राहील. मेघा म्हणे, मांगच्या दिवाळीपर्यंत टक्कल होतं, स्वतःचंच औषध डोक्यात टोचून घेतलं. मी दोन पावलं चालली तशी त्यानं ओळखलं का माझे दोन्ही गुडघे गेले. म्हणे मावशी, मी सुया देतो, पण या वहीत रोज लिहायचं, दुखणं दहातलं किती. चवथी शिकली का नाही विचारलं. मी म्हटलं शिकली, पाचवीत जायच्या आधी लग्न झालं, नाहीतं तुमच्या खुर्चीत मीच बसली असती.

त्याले आकडा पाहिजे. पण एवढं मोठं पान कोरं सोडायची मले सवय नाही. म्हणून सगळंच लिहीन.

दुखणं आठ.

खोली दवाखान्याच्या मांगं आहे. माय, काय खोली! फरशी, आत नळ, खिडकीत मोठा कूलर. मांगं मातीचं अंगण, दहा पावलाचं. अख्ख्या गल्लीत शिमिट, इथंच तेवढी माती राहिली. कूलरचं सांडलेलं पाणी पाइपातून तिथंच पडते, म्हणून माती थंड अन् मऊ. मेघा म्हणे, आजी, तू आली, आता मले भेव नाही. मी म्हटलं, बाळंतपणाचं भेव ज्या बाईले नाही ती येडी.

४ मे, शनिवार

दुखणं आठच.

दवाखाना असा आहे: खाली लेकरं येतात, वर बुढे येतात. मधात एक फ्रिज आहे. खालचं त्या फ्रिजात जाते अन् फ्रिजातलं वर जाते.

आज पहिली बाळंतीण पाह्यली. मी गावात चाळीस वर्षं सुईणपण केलं, दोनशेच्या वर लेकरं या हातावर पडली. आमची रीत एकच. लेकरू आलं का नाळ तोडायची नाही. नाळ नाडीसारखी उडत असते, बोट लावलं तं कळते. त्यातून लेकराचंच रक्त लेकराकडे चाललं असते. उडणं थांबते, नाळ धुतलेल्या दोरीसारखी पांढरी पडते, मग कापायची.

इथं लेकरू अर्धं बाहेर नाही आलं तं चिमटा तयार. कचकन कापलं. मग डॉक्टरनं आईकडच्या तुकड्यात सुई घातली अन् सगळं रक्त पिशवीत काढून घेतलं. त्या बाईले वाटलं हे असंच असते. मी बाहेर येऊन डॉक्टरले म्हटलं, तो लेकराचा वाटा होता. तो हसला. म्हणे मावशी, ते तं फेकूनच द्यायचं असते. त्यात वाढीचे घटक असतात, झिजलेलं हाड, सुकलेलं मांस, गेलेले केस, सगळं पुन्हा उभं करतात. त्या रक्तातून पिवळं पाणी काढते अन् बाटलीत भरते. ग्रोथ का काय म्हणते. मी त्याले वाढीचं पाणी म्हणते.

मी म्हटलं, फेकायले कोणी सांगतलं, थांबायले सांगतलं. तो म्हणे, बरं बरं, गुडघा दाखवा.

अन् मी दाखवला. तोंडानं वाटा वाटा करून राहिली होती अन् लुगडं वर करून बसली. खोटं काहून लिहू. दोन्ही गुडघ्यात सुई घेतली.

१० मे, शुक्रवार

दुखणं चार.

शिस्टर जया नाव आहे नर्सबाईचं. चांगली आहे, पण तोंडाचा पट्टा चालू. तिनं सांगतलं, नाळ अन् लेकरामांगून पडते ती वार पिवळ्या पिशवीत टाकायची, गाडी येते दिवसाआड. गाडी आली नाही. दोन दिवसाच्या पिशव्या मांगच्या दाराशी पडल्या अन् गल्लीतल्या भुऱ्या कुत्र्यानं एक फाडली. त्याच्या तोंडातून नाळ लोंबकळत होती. मी झाडूच्या दांड्यानं त्याची कंबर शेकली अन् ओढून घेतली.

आमच्याकडे नाळ कुत्र्याच्या तोंडी जाऊ देत नाही. हे देवाचं नाही. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली देव अन् भुतं एकाच टोपलीत भरून घराबाहेर काढले, ते परत आले नाही. पण नाळ मडक्यात घालून हळद लावून हातभर खोल पुरायची, हे सोडलं नाही. ते साफसफाईचं काम आहे. माणसाचं मांस उघड्यावर नसते टाकायचं.

मग मी अंगणात खड्डे केले. सहा मडके आणवले चौकीदाराकडून. देवाजी त्याचं नाव, पन्नाशीचा, उजवा खांदा धरून चालायचा, त्यालेही डॉक्टरनं खांद्यात सुई दिली तं आता दोन्ही हातानं गेट ढकलते. देवाजीनं विचारलं कायले पाहिजे मडके. मी म्हटलं, तुही अस्थी ठेवायले. हसला बिचारा.

जयानं वाढीच्या पाण्याच्या तारीख उलटलेल्या बाटल्याही दिल्या, पुरे दोन खोके. म्हणे कोपऱ्यावरच्या नालीत वता. चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन, कोण जाते कोपऱ्यावर. अंगणात माती मऊच होती. मडक्यायवरच वतलं.

१४ मे, मंगळवार

दुखणं नाही. शून्य लिहा म्हणे डॉक्टर, तं शून्य.

आज जिना चढली, कठड्याले हात न लावता. मग उगाच उतरली अन् पुन्हा चढली. वर खुर्च्यायवर बसलेल्या बुढ्या पाहून राहिल्या. एकीनं विचारलं बाई किती सुया झाल्या. मी म्हटलं दोन, पण खानदानी हाडं आहेत.

एकोणीस मडके झाले. नागपुरात लेकरं होतातही लई. तारीख उलटलेल्या बाटल्या रोजच्या रोज तिथंच वतते.

अंगणातली माती फुगली आहे. कणीक भिजवून ठेवली का फुगते तशी. मले वाटलं घूस असेल. वाकून पाह्यलं तं बाळंतिणीच्या खोलीचा वास येऊन राहिला. ओला, गरम. चाळीस वर्षं तोच वास नाकात आहे, चुकणार नाही.

मेघाचे पाय सुजले. रोज तेल चोळून देते. लेकरू पोटात भारी लाथा मारते. बापासारखं ट्रकवालं होईल.

१७ मे, शुक्रवार

दुपारी दीड वाजता भुरं कुत्रं ओरडलं. एकदाच. मी दार उघडलं तं अंगणात नुसतं ऊन. मग मातीत पाह्यलं.

कुत्रं तिथंच होतं. पोटाखालून आत ओढलं होतं. तोंड अन् समोरचे पाय वर, बाकी जमिनीत. जित्तं होतं. माझ्याकडे पाहून राहिलं. मी समोरचे पाय धरून ओढलं तं हलकं आलं, कारण मांगं काहीच उरलं नव्हतं. पोट मोकळं, जसं टरबूज चमच्यानं कोरून खाल्लं. बाकी अंगाले ओरखडा नाही.

नाळ खाल्ली होती त्यानं. त्या दिवशी एक मी ओढून घेतली, पण आधी गिळली असेल ती कोणी मोजली.

मेघाले सांगतलं नाही. भरल्या दिवसाच्या बाईले हे सांगत नसतात. कुत्र्याचं तोंड पिवळ्या पिशवीत टाकलं.

१८ मे, शनिवार

सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन खणलं.

मडके फुटले होते. बाहेरून नाही, आतून. खापरं सगळी बाहेरच्या बाजूनं पडलेली. अन् एकोणीस नाळा राहिल्याच नव्हत्या. एक होती. माझ्या मनगटाएवढी जाड, निळी-पांढरी, पिळाची, भिंतीखाली शिरलेली. मी हात लावला.

उडून राहिली होती. ठक ठक ठक. जल्मल्या लेकराच्या नाळेसारखी.

हे भूत नाही. भूत असतं तं मी हसली असती. हे मांस आहे, अन् मांस कापता येते. सब्बल उचलली अन् घातली. रक्ताची पिचकारी तोंडावर आली, चुलीवरच्या पाण्यासारखी गरम. दुसरा घाव, तिसरा घाव. तुटलेलं टोक मातीवर गांडुळासारखं आपटून राहिलं अन् माझ्याकडे आलं. गुडघ्याकडे. मी त्याले पायाखाली चिरडलं, वरून संडास साफ करायचं ॲसिड वतलं. फसफसलं, वास सुटला, मेलं.

वाटलं मेलं.

रविवारी लिहून राहिली: रात्रभरात तुटलं तिथून दोन फुटले. सकाळी पाह्यलं.

२० मे, सोमवार

देवाजी मांगच्या न्हाणीत अंघोळ करून राहिला होता, सकाळचे सात. त्याचं ओरडणं ऐकून मी अन् जया धावलो. दार आतून बंद. मी खांद्यानं तोडलं, माझ्या अंगात आता तेवढी ताकद आहे.

नालीच्या जाळीतून ते वर आलं होतं. त्याच्या उजव्या खांद्यात शिरलं होतं, जिथं सुई घेतली नेमकं तिथं. दुसरीकडे शिवलं नाही. टोकाले केसाएवढे बारीक धागे फुटले होते, ते कातडीखाली फिरून राहिले होते, वरून दिसत होतं. मग एकदम ओढलं. हात खांद्यापासून सुटला, कोंबडीची तंगडी सुटते तसा आवाज झाला. हात नालीत गेला नाही, जाळीशी अडकला, बोटं फरशीवर. ते आतून चोखून राहिलं. मी साबणाच्या डब्यानं मारलं. हसू नका, हातात तेच होतं.

देवाजी जगला. मोठ्या दवाखान्यात नेला. डॉक्टरनं सगळ्यायले सांगतलं, मोकाट कुत्रे. जया माझ्याकडे पाहून राहिली. तिनं न्हाणीत पाह्यलं होतं.

मले आता समजलं. त्याले माणूस नको. त्याले त्याचं रक्त पाहिजे, काढून नेलेलं. जिथं जिथं टोचलं तिथं तिथं येईल.

माझ्या दोन्ही गुडघ्यात आहे.

२२ मे, बुधवार

डॉक्टरले सगळं सांगतलं. पुरलं मी, पाणी वतलं मी, चूक माझी. पण आता तुम्ही जेसीबी बोलवा, अंगण जाळा, वरच्या बुढ्यायले घरी धाडा.

तो हसला नाही. अंगणात आला, बुटातच वाकला. ते मातीतून बोटभर वर आलं होतं. त्यानं त्याच्याकडे असं पाह्यलं जसा कास्तकार पऱ्हाटीच्या बोंडाकडे पाहते. म्हणे मावशी, तुम्हाले माहीत आहे तुम्ही काय केलं? आता मले बाळंतिणीची वाट पाहावी लागणार नाही. हे स्वतःच रक्त बनवते. चिमट्यानं धरून त्यानं बाटलीभर काढून घेतलं. मग फ्रिजातलं चांगलं, तारखेतलं वाढीचं पाणी आणून मातीत वतलं. अख्खा खोका.

मी त्याचा हात धरला. तं म्हणे, तुमची नात कुठं बाळंत होणार आहे, मावशी? इथंच ना?

अशी धमकी गोड आवाजात दिली का जास्त लागते.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. मेघाले खीर पाहिजे होती, केली. तिले सगळं सांगतलं. आधी म्हणे आजी, तुले ऊन लागलं. मग मी खिडकीतून अंगण दाखवलं. माती खालीवर होऊन राहिली होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

तिनं लगेच अंकुशले फोन लावला. तो आसामातून परतीच्या वाटेवर आहे, शनिवारी दुपारी ट्रक घेऊन येतो म्हणे, सामान उचलू अन् वाडीच्या खोलीवर जाऊ. आज काहून नाही, तं माल उतरवल्याशिवाय मालक सोडत नाही. मी म्हटलं आटोनं जाऊ. मेघा दोन पावलं चालली अन् भिंतीले धरून बसली. पोट खाली उतरलं आहे. आटोत हिसके बसले तं रस्त्यातच होईल.

दोन दिवस. खोलीतल्या नाल्या सगळ्या शिमिटानं बुजवल्या. मेघाच्या खाटेजवळ सब्बल घेऊन बसते. तिच्यात वाढीचं पाणी नाही. पण तिच्या पोटात नाळ आहे. जित्ती, भरलेली, लेकराले लागलेली.

२५ मे, शनिवार. नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस.

सकाळी नऊ. मेघाच्या कळा सुरू. खालच्या बाळंतपणाच्या खोलीत आणलं, जया सोबत. ही खोली रस्त्याकडे आहे, अंगणाहून लांब. खिडकीले लोखंडी गज. डॉक्टर वर आहे, पाच बुढे-बुढ्या सुईसाठी रांगेत बसवले. मी वर जाऊन म्हटलं घरी जा सगळे. एक म्हणे, या आयानं स्वतःचे गुडघे सुधारून घेतले अन् आता आम्हाले पळवून राहिली.

बारा वाजून गेले

वरून आवाज. जयाले मेघाजवळ ठेवून मी गेली.

हात धुवायच्या बेसिनातून आलं. एक नाही. सात-आठ. बसलेल्यायच्या गुडघ्यायवरच. पहिल्या बाईची वाटी उचकटली, नारळाची करवंटी उचकटते तशी, अन् आत घुसलं. ती बाई ओरडलीही नाही, नुसती आपल्या गुडघ्याकडे पाहत राहिली. मी सब्बल चालवली. भिंती, छत, माझं तोंड, सगळं लाल. तीन लोकायले जिन्यावरून ढकललं, अक्षरशः ढकललं, हाडं मोडली तं मोडू दे. दोघं राहिले. त्यायचं काही करता आलं नाही.

डॉक्टर बाहेर पळाला नाही. फ्रिजाकडे पळाला. बाटल्या छातीशी धरल्या. ते वरून, पंख्याच्या दांड्यावरून उतरलं. केसात शिरलं. डोक्याची कातडी केसासकट उतरली, उकडलेल्या बटाट्याची साल उतरते तशी. तो खाली बसला, डोक्याले हात लावला अन् मले विचारते, मावशी, काय झालं. मग ते हाडातून आत गेलं.

मलेही धरलं. उजव्या गुडघ्याले. धागे आत गेले तं असं वाटलं जसं कोणी ओळखीचं बोलवून राहिलं. मी सब्बलेचं टोक स्वतःच्याच गुडघ्यात घालून ते उपटलं. मांसासकट.

खाली आली. दार लावलं. जयाले खिडकीतून तं जाता येत नाही, समोरच्या दारानं पळवलं, लोक आण म्हटलं. ती गेली अन् मांगून व्हरांडा भरला. आता दोघीच.

सव्वा

लिहून राहिली कारण हात थरथरते. लिहिलं का थांबते. थरथरत्या हातानं लेकरू झेलता येत नाही.

डोकं दिसून राहिलं. मेघा दात खाऊन कळा देते. शूर आहे. वर काय झालं ते तिले सांगतलं नाही.

जया बाहेरून खिडकीशी आली. अंकुश वाडी नाक्यापर्यंत आला. पोलीस येतात म्हणे. कोणी आत यायले तयार नाही. येऊही नका.

दाराखालून धागे

पावणेदोन

इथं विचार करते.

लेकरू आलं का नाळ लगेच तोडली तं आईकडचं टोक रक्तानं भरलेलं राहते, वार आतच असते — ते त्या वाटेनं मेघाच्या आत जाईल. नाही तोडली, उडणं थांबेपर्यंत थांबली, तं सगळं रक्त लेकरात — मग आई वाचते, पण तोवर ते दाराच्या आत — अन् लेकरू इथंच —

थांबायचं. थांबायलेच पाहिजे. कोणीतरी दारात बसून त्याले दुसरं काही द्यायले पाहिजे.

माझा डावा गुडघा भरलेला आहे.

दोन वाजले

ट्रकचा हॉर्न. अंकुश. साखळी गजाले बांधून राहिला, रडून राहिला. मी म्हटलं रडून गज तुटत नाही, गिअर टाक.

दार फाटलं खालून

दोन दहा

पोरगी झाली. निळी. मेघाच्या पोटावर ठेवली. नाळ उडून राहिली. ठक ठक

ते आत आलं. सरळ खाटेकडे.

मी मधात बसली. कापायच्या पातीनं डावा गुडघा उघडला, वरून खाली. हाक मारली त्याले. ये इकडे, इकडे आहे — आलं

एका हातानं लिहून राहिली. दुसऱ्या हाताचं बोट नाळेवर

ठक ठक

मेघे, पोरीच्या पाठीवर चोळ, जोरानं

ठक

गज तुटले. साखळीसकट रस्त्यावर गेले

नाळ पांढरी. कापली. बांधली. पोरगी खिडकीतून जयाच्या हातात — गेली

दोन अठरा

वार पडली. पूर्ण पडली, पाह्यली मी, तुकडा राहिला नाही. कोपऱ्यात फेकली. अर्धं तिच्यामांगं गेलं. मेघाले अंकुशनं खिडकीतून ओढून घेतलं. मले हात देते. आजी ये. आजी ये. येडा. डावा पाय मांडीपासून आहेच कुठं

त्यायले म्हटलं ट्रक चालू कर, दूर जा. पोरीत रक्त आहे. याची मुळं अंगणात आहेत, याची लांबी संपते कुठंतरी

जो वाचेल त्यानं हे करा. अंगण खणू नका. कापू नका, एकाचे दोन होतात. पाणी बंद करा. कूलरचा पाइप आधी. ऊन लागू द्या, नवतपा आहे, वाळू द्या —

फ्रिज जाळा

ट्रक निघाला

पोरगी रडली. बाहेर. मले ऐकू आलं. जया ओरडली जित्ती आहे, जित्ती आहे. भल्ला मोठा आवाज आहे तिचा

ट्रक दूर गेला. रडणं थांबलं नाही

जवळून येऊन राहिलं

उजव्या गुडघ्यातून — तो तं मी उपटला होता, त्यात काही नव्हतं — आतून रडून राहिलं, बारीक — एक नाही, खूप — माझ्या हातावर पडलेले, ओळखते मी सगळ्यायचे आवाज — वर येऊन राहिले, मांडीत, पोटात — वही खिडकीतून फेकते आता, झेला कोणी — ते माझ्या गळ्यात — आता मीच रड